दीड दिवस शाळेत गेलेला लेखक

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ज्याच्याविषयी लिहायचं मी ठरवलंय, तो माणूस शाळेत जेमतेम दीड दिवस टिकला असं सांगतात. अण्णाभाऊ साठे. समितीतल्या मित्रांनी शाळेच्या आठवणी मागितल्या होत्या. पण माझ्या डोक्यात या शाळेला आणि अण्णाभाऊंना वेगळं काढता येत नाही, त्याला मी काय करू?

आमच्या भागात अण्णाभाऊ आधी आले ते शाहीर म्हणून. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना गावाकडं राहिली’ ही छक्कड, म्हणजे लावणीच्या चालीचं गाणं, गाजली आणि तिच्यात बेळगाव, कारवार ही नावं आहेत. आम्हाला एवढं पुरे होतं. गणपतीच्या मांडवात ती लागली की गल्लीतली म्हातारी माणसंही ताठ बसायची आणि नेमक्या त्या ओळीला टाळी पडायची. पोटासाठी मुंबई गाठलेला गडी आणि गावाकडं राहिलेली त्याची बायको, ही त्या गाण्यातली खरी कळ मात्र कुणाच्या ध्यानात यायची नाही. खरं तर गल्लीत दर दोन घरांआड एक माणूस मुंबईला होता. सीमाप्रश्नानं आम्हाला खूप काही दिलं, पण अण्णाभाऊ अर्धेच दिले, असं माझं मत आहे. रागवायचं त्यांनी रागवावं.

उरलेले अर्धे या शाळेत मिळाले. मराठीचे सर चंदगडकडचे. ऑफ तास मिळाला की पिशवीतून ‘फकिरा’ काढायचे. ही कादंबरी १९५९ ची, तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे, १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, ही माहिती सर एका दमात सांगून टाकायचे. अर्पणपत्रिका मात्र सावकाश वाचायचे. बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला ती अर्पण केलेली आहे. मग सुरू व्हायचं वाटेगाव, अण्णाभाऊंचं गाव. गावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून शेजारच्या गावातून त्या मानाची खूण असलेली जोगणी आणायला निघालेला मांगवाड्यातला रानोजी, त्यात गेलेला त्याचा जीव, पुढे दुष्काळात धान्य लुटून उपाशी माणसांत वाटणारा त्याचा मुलगा फकिरा. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, त्यांना हजेरी लावली, हे मला कळलं ते इतिहासाच्या पुस्तकातून नव्हे, त्या ऑफ तासांतून. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

वर्गात मांगवाड्यातला एक मित्र होता. त्याचे वडील आणि चुलते यात्रेत हलगी वाजवायचे. तो मागच्या बाकावर बसायचा, कधी बोलायचा नाही. रानोजीचं प्रकरण संपलं त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो सरांकडं गेला आणि पुस्तक घरी मागितलं. दुसऱ्या दिवशी शेतातल्या मेरेवर बसून वाचत होता. मी विचारलं, ‘काय वाचूलास रे?’ म्हणाला, ‘आमच्या वाड्याचंच लिवल्यान की सगळं!’ आणि थोड्या वेळानं, पान न उलटता, ‘जोगणी गावाची, आणि मरण तेवढं वाड्याचं?’

हा प्रश्न पुढे बऱ्याच वर्षांनी गावात आला. लक्ष्मीच्या यात्रेची बैठक देवळात बसली होती. वाजंत्र्याचं ठरलेलंच आहे म्हणून पंच पुढच्या विषयाकडे निघाले, तेव्हा हा मित्र उठला. बिदागी आधी ठरवा, आणि आमच्यातला एक माणूस कमिटीत घ्या, म्हणाला. कुणीतरी मागून पुटपुटलं, ‘पुस्तकं वाचून डोकी फिरल्यात यांची.’ बोलणं रात्री उशिरापर्यंत चाललं. शेवटी बिदागी ठरली. कमिटीतली जागा त्या यात्रेला मिळाली नाही, पुढच्या खेपेला मिळाली.

हे सगळं एका कादंबरीनं केलं, असं मी म्हणणार नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत पगार सुरू झाला की हलगीच्या शेरभर भातावाचून अडत नाही. बाबासाहेबांची चळवळ घराघरांत पोचली होती. पण पगारानं माणूस बैठकीतून उठून जाऊ शकतो. बैठकीत उभा राहून बोलायचं बळ वेगळीकडून यावं लागतं. फकिरा चोर नव्हता, गावाचा माणूस होता, हे कुणीतरी छापून ठेवलेलं असावं लागतं.

आमचे कन्नडचे सर या वाचनाला हळूच येऊन दारात उभे राहायचे. एकदा त्यांनी शिवराम कारंतांच्या ‘चोमन दुडी’ची गोष्ट आम्हाला मोडक्या मराठीत सांगितली. १९३३ ची कादंबरी. स्वतःची जमीन कसायची एवढीच चोमाची इच्छा, पण अस्पृश्याला जमीन कोण देणार? शेवटी तो दुडी, म्हणजे त्याचा ढोल, वाजवत मरतो. माझ्या मित्राला ते पटलं नाही. ‘मरायचंच, तर फकिरासारखं खजिना लुटून मरायचं,’ म्हणाला. कन्नडचे सर खो खो हसले. मला स्वतःला आज कारंत जास्त खरे वाटतात आणि अण्णाभाऊ जास्त गरजेचे. एकानं ते दुःख बाहेरून, पण मनापासून पाहिलं. दुसरा त्यातच जन्मला होता आणि त्याला नुसतं दुःख लिहायचं नव्हतं.

अण्णाभाऊंच्या आयुष्याबद्दल सर फार बोलायचे नाहीत. वाटेगावाहून मुंबईपर्यंत कुटुंबासह पायी केलेला प्रवास, पाट्या वाचत शिकलेली अक्षरं, गिरणीतली मजुरी, अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबरचं लाल बावटा कलापथक, घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडी. कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, १९६१ मध्ये रशियाही पाहून झाला, तरी १८ जुलै १९६९ ला ते गेले तेव्हा पन्नाशीही झालेली नव्हती आणि हालाखी सुटलेली नव्हती. लेखकानं समाज बदलला असं भाषणात म्हणणाऱ्यांनी त्या समाजानं लेखकाला काय दिलं, तेही एकदा सांगावं. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. चांगलंच झालं.

आता १ ऑगस्टला, अण्णाभाऊंच्या जयंतीला, आमच्या गावातही मिरवणूक निघते. हलगी वाजते, आणि वाजवणारे आता कुणाच्या सांगण्यावरून वाजवत नाहीत, हे मला फार आवडतं. पुढे डीजे येतो, ते आवडत नाही. फोटो मोठा होत चाललाय, पण मिरवणुकीतल्या पोरांना ‘फकिरा’ वाचलास का विचारलं तर पिक्चर पाहिलाय म्हणतात.

म्हणून समितीला एक विनंती. महोत्सवाच्या शिलकीतून ग्रंथालयासाठी अण्णाभाऊंच्या मिळतील त्या सगळ्या कादंबऱ्या घ्याव्यात, आणि ‘चोमन दुडी’ कन्नड व मराठी दोन्हींत. ‘फकिरा’च्या जास्त प्रती घ्या, आमच्या बॅचची वर्गणी त्यासाठीच धरा. शाळेबाहेरच्या माणसालाही पुस्तक घरी नेता यावं, अशी नोंदवही ठेवा. आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये नको.