50 किलोमीटरची ट्रेल रन आणि एका सहीसाठीची पायपीट

सह्याद्रीतल्या 50 किलोमीटरच्या ट्रेल रनसाठी, म्हणजे डोंगरवाटांवरच्या शर्यतीसाठी, नाव नोंदवलं, पैसे भरले, आणि त्याच संध्याकाळी आयोजकांकडून फिटनेस सर्टिफिकेटचा फॉर्म आला. एकच पान. डॉक्टरांची सही, शिक्का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, सोबत ईसीजी आणि चाळिशी उलटलेल्यांसाठी स्ट्रेस टेस्टचा (ट्रेडमिलवर चालवत काढलेल्या ईसीजीचा) रिपोर्ट. माझं वय 46. मागणी अगदी रास्त आहे. डोंगरधारेवर छातीत कळ आली तर तिथे अँब्युलन्स पोचत नाही, माणसांनीच उचलून खाली आणावं लागतं. त्यामुळे फॉर्मबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. त्या एका सहीसाठी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलने मला जे फिरवलं, त्याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

ईसीजी पाच मिनिटांत झाला. कागदाच्या कोपऱ्यात मशीनने छापलं होतं : हार्ट रेट 48, सायनस ब्रॅडिकार्डिया (म्हणजे ठोके मंद), ॲबनॉर्मल ईसीजी. हे मशीन आपलं आपण छापतं, समोर कोण झोपलंय हे त्याला माहीत नसतं. पण काउंटरवरच्या मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "काका, यावर फिटनेस मिळणार नाही. कार्डिओलॉजिस्टना दाखवा." कार्डिओलॉजिस्ट मंगळवारी आणि शुक्रवारी. मंगळवारी हाफ डे टाकून गेलो, तर डॉक्टर इमर्जन्सीत. शुक्रवारी गेलो, तर आधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), मग स्ट्रेस टेस्ट, मग डॉक्टर. आणि स्ट्रेस टेस्टचं ट्रेडमिल बंद. दुरुस्तीवाला कधी येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. फोन केला की "उद्या करून बघा". दर वेळी केसपेपरचे पैसे नव्याने. आणि इकडे फॉर्म अपलोड करायची मुदत जवळ येत चाललेली.

शेवटी टेस्ट झाली. छातीवरचे केस काढून चिकटपट्ट्या लावतात, वायरी जोडतात, दंडाला बीपीचा पट्टा. सुरुवात ताशी 2.7 किलोमीटरने, पण चढ 10 टक्के; मग दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. 220 मधून वय वजा करायचं आणि त्याच्या 85 टक्क्यांपर्यंत ठोके न्यायचे. माझ्यासाठी ते 148. टेक्निशियन तिथेच थांबवत होता. मी म्हटलं, दादा, त्रास काही नाही, चालू द्या. डोंगरात ठोके 148 वर थांबणार नाहीत, तर इथेच का थांबायचं? थोडा वेळ त्याने चालू दिलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. (घरच्यांनी घाबरू नये म्हणून सांगतो, यात निगेटिव्ह म्हणजे चांगलं.)

तरी सही नाही ती नाहीच! "आम्ही बाहेरच्या फॉर्मवर सही करत नाही, आमच्या लेटरहेडवर देऊ." आणि आयोजकांना त्यांचाच फॉर्म हवा.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात आमच्याबरोबर पळणाऱ्या एका मैत्रिणीने नौपाड्यातल्या एका कार्डिओलॉजिस्टचा नंबर दिला. ते स्वतः लांब पल्ल्याचे धावपटू. त्यांनी ईसीजी पाहिला, मशीनची ओळ बाजूला ठेवली आणि मला विचारलं : कधी चक्कर आली का? धावताना शुद्ध हरपली का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? इतके दिवस हॉस्पिटलात घालवले, पण हे प्रश्न तिथे एकानेही विचारले नव्हते. खरी तपासणी याच प्रश्नांपासून सुरू होते आणि तीच राहून गेली होती, याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. मग त्यांनी समजावलं. 60 च्या खाली ठोके गेले की ब्रॅडिकार्डिया म्हणतात. वर्षानुवर्षं धावणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून विश्रांतीत त्याला कमी ठोके पुरतात. खेळाडूंच्या ईसीजीसाठी 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध झालेत. काही त्रास नसेल तर 30 पर्यंत उतरलेले ठोकेही त्यात सरावाचा परिणाम म्हणून सामान्य धरले आहेत. सही झाली. खाली येऊन मी तलावपाळीला बाकावर बसलो आणि फॉर्म तिथूनच अपलोड केला. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तेव्हा नाव नोंदवायच्या आधीच खेळाडूंना तपासणारा डॉक्टर गाठा आणि कोरा फॉर्म दाखवून "यावर सही कराल ना?" हे पहिल्यांदा विचारा. टेस्टचे पैसे त्यानंतर भरा.

आता धावण्याचं. अंतरावर जाऊ नका, चढ मोजा. प्रत्येक 100 मीटर चढाला एक किलोमीटर जास्तीचा धरायचा. आमच्या मार्गावर 2500 मीटर चढ होता, म्हणजे 50 चे झाले 75. चालत गेलात तर पाच किलोमीटरला एक तास आणि वर 600 मीटर चढाला एक तास, असा जुना हिशेब आहे. तो 14 तासांच्या पुढे जातो. आमचा कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची मुदत, 12 तासांची. सपाटीवर पळावं लागणार हे त्यातूनच कळलं.

येऊर जवळ आहे, पण तिथे बिबट्याचा वावर आहे. नीट उजाडल्याशिवाय आत शिरू नका. आणि येऊरवर एवढा चढ मिळत नाही. कर्जत लोकलने भिवपुरी रोडला उतरायचं, गार्बेटच्या पठारावरून माथेरान गाठायचं आणि नेरळला उतरायचं, ही आमची सर्वात उपयोगी वाट ठरली. उतार मुद्दाम करा. मांड्या चढाने नाही, उताराने जातात. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या निसरड्या उतारावर, तर फारच.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अर्धंच घाला.

मी कटऑफच्या बऱ्याच आधी पोचलो, आणि त्याचा मला पुरेपूर अभिमान आहे.

अजून एक, सर्टिफिकेटचंच. केबिनबाहेर पडण्याआधी शिक्क्यातला नोंदणी क्रमांक वाचता येतोय का ते बघून घ्या. शिक्का पुसट उमटला म्हणून आमच्या ग्रुपमधल्या एकीचा फॉर्म परत आला होता.