मुलाला कोल्हापूरच्या वसतिगृहात ठेवताना

आमच्या चंदगड तालुक्यातून मुलाला शिक्षणासाठी कोल्हापूरला ठेवणे यात नवल काही नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढच्या काळात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे शहरात उभी राहिली. दसरा चौकातून जाताना त्यांतल्या काही आजही दिसतात. माझे चुलते असेच बोर्डिंगात राहून शिकले. त्यामुळे २०१९ च्या जून महिन्यात मुलाला पाचवीसाठी एका छोट्या निवासी शाळेत घालायचे ठरले, तेव्हा घरात विरोध झाला तो फक्त त्याच्या आजीचा.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी अवघड नव्हते. शाळा सोडल्याचा दाखला, आधारकार्ड, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, पालकांचे हमीपत्र आणि शुल्कात सवलत हवी असल्यास तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एवढे लागले. याशिवाय शाळेला शहरातच राहणारा एक स्थानिक पालक हवा होता, कारण मूल आजारी पडले तर आम्ही गडहिंग्लजमार्गे पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. माझ्या मेहुण्यांनी ती जबाबदारी घेतली.

खरी चौकशी करायची होती ती रात्रीची. दहावीचा निकाल फलकावर लिहिलेला असतो, तो कोणीही वाचू शकतो. पण दिवे मालवल्यावर मुलांजवळ कोण असते, हे विचारल्याशिवाय कळत नाही. रेक्टर सहकुटुंब आवारातच राहतात, लहान मुलांच्या खोलीशेजारी रात्री एक मदतनीस झोपतो आणि ताप आलेल्या मुलाची नोंद वहीत होते, हे पाहिल्यावर मी अनामत रक्कम भरली. मुलाजवळ मोबाईल ठेवायचा नाही, घरी फोन फक्त रविवारी, हा नियम माझ्या पत्नीला जाचक वाटला. मला तो आजही योग्य वाटतो, कारण रोज संध्याकाळी आईचा आवाज ऐकणारे मूल रोज संध्याकाळी रडते.

मुलाला पहिला त्रास झाला तो जेवणाचा. आमच्याकडे दोन्ही वेळा भात; मेसमध्ये ज्वारीची भाकरी आणि तिखट आमटी आधी, भात शेवटी. पहाटे उठणे, प्रार्थना, स्वतःचे ताट घासणे, अंथरुणाची घडी घालणे हे मात्र त्याने लवकर अंगवळणी पाडले, बहुधा इतर मुले करत होती म्हणून.

ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी असते, ती नदीने कधीच ओलांडली होती. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि आमच्या बाजूचे रस्तेही तुटले. शाळा उंचावर असल्याने इमारतीला धोका नव्हता, पण नदीवरची उपसा केंद्रे बुडाल्यामुळे शहराचा पाणीपुरवठा बंद पडला आणि बाहेर धो धो पाऊस असताना टँकरची वाट पाहण्याची वेळ आली. रेक्टरांनी वापरासाठी छपराचे पाणी पिंपांत धरले, पिण्याचे पाणी मोजून दिले, मोठ्या मुलांना एकेका लहान मुलाची जबाबदारी दिली आणि रविवारचा नियम बाजूला ठेवून रोज प्रत्येक पालकाला फोन लावला. दाखल्यांच्या फाईलमध्ये यातले काहीच लिहिलेले नसते. रस्ते सुरू झाल्यावर मी त्याला आणायला गेलो, तर तो चार दिवसांसाठी आला आणि शाळा उघडण्याआधीच परतण्याची घाई करू लागला, याचे आजीला फार वाईट वाटले.

दहावीपर्यंत तो तिथेच राहिला. यंदा धाकट्या मुलीसाठी मुलींचे वसतिगृह पाहायला गेलो, तेव्हा फलकावरचे निकाल पत्नीने वाचले. मी अधीक्षिकाबाईंना पाण्याच्या टाक्या किती आहेत आणि रात्री खोलीजवळ कोण झोपते, एवढे आधी विचारले. त्यांनी दोन्ही गोष्टी उठून दाखवल्या.