आमची वाटचाल: दुरुस्तीवर उभा राहिलेला धंदा

खोली उबदार ठेवणाऱ्या लाकडावरच्या शेगड्यांत कमाई विक्रीत आहे, दुरुस्तीत नाही, असं आम्हाला पहिल्यापासून ऐकवलं गेलं. तरी आम्ही दुरुस्तीच धरली. भांडवल म्हणजे एक ग्राइंडर, वेल्डिंग मशीन आणि भागीदाराचा हात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, जोडावं तर त्यानेच. भेगेच्या दोन्ही टोकांना आधी भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग तुकडा सावकाश तापवून निकेल रॉडने छोटासा टाका मारायचा, गरम असतानाच गोल डोक्याच्या हातोडीने हलकं ठोकायचं, की मग पुढचा टाका. शेवटी तुकडा कोरड्या राखेत पुरून रात्रभर ठेवायचा. घाई केली तर थंड होताना बीड टचकन तडकतं.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग जवळच एक दुकान निघालं. नाव घेत नाही. त्यांचं एकच पालुपद: मोठी शेगडी घ्या. पत्रा पातळ, रंग मात्र असा की बीडच वाटावं. लहान खोलीत मोठी शेगडी बसवली की उकाडा होतो, म्हणून माणूस हवेची झडप मिटतो. मग लाकूड जळत नाही, धुमसतं. तो धूर थंड धुराड्यात डांबरासारखा चिकटतो, त्याचं क्रिओसोट होतं, आणि पुढे तेच पेट घेतं. एका घरात तसं झालंच. दुकानदार मात्र भेटेल त्याला सांगत सुटला की दुरुस्तीवाल्यांनी हात लावला म्हणून. आम्ही तिथे फक्त दाराची, फट बंद करणारी दोरी बदलली होती! गिऱ्हाईक तुटलं, उधारी बुडाली, भागीदारही गेला. त्याने जावं, पण सांगून तरी जावं.

तारलं ते गॅरेजात सुतारकाम करणाऱ्या एका काकांनी. त्यांची शेगडीही त्याच दुकानातली. त्यांनी धुराड्याचे नळ स्वतः सोडवून चार लोकांसमोर मांडले: आत काळा, चकचकीत, जाड थर. मग आमच्याकडची लहान शेगडी बसवली, चांगलं वाळलेलं लाकूड घातलं आणि पुढच्या हंगामात तेच नळ पुन्हा उघडून दाखवले. नुसती भुरकट काजळी. पुढे त्याच गॅरेजात गाडी ठेवायची म्हणाले, तेव्हा आम्ही शेगडी काढून आणली. पेट्रोलची वाफ हवेहून जड, जमिनीलगत पसरते. तिथे जाळ नको. काका बरेच दिवस रुसले होते.

विचारलं नाहीत तरी सांगतो. जुनी शेगडी घेताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. ओढल्यावर अलगद निसटली तर दोरी गेली समजा. जुनी दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते, कोरडी खरवडू नका. आतल्या विटेला चीर असली तर चालेल, तुकडा पडून मागचा पत्रा उघडा झाला तर नाही. वरचा आडवा पत्रा वाकला असेल तर शेगडी लालबुंद होईपर्यंत पेटवलेली आहे. धुराड्याला जस्ताचा मुलामा दिलेला नळ नको. तापला की त्याचा धूर बाधतो. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा, आणि ओलावा मोजायचा मीटर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला लावायचा, सालीला नाही.

ते दुकान आता विजेचे हीटर विकतं. त्यांच्या शेगड्या अजून आमच्याकडे येतात. तळ जळालेला असेल तर ठिगळ न मारता परत पाठवतो. कुठून घेतली ते विचारत नाही, वेल्डिंग बघूनच कळतं.