ऑफर लेटरचं तिसरं पान

मी शाळेत करिअर काउन्सिलर आहे, ॲडमिशनच्या सीझनमध्ये माझ्याकडे येणारे बहुतेक पालक रँकिंगची प्रिंट घेऊनच येतात. त्या दिवशी आलेले बाबाही तसेच, सोबत आई आणि मुलगा. दोन युनिव्हर्सिटींच्या ऑफर हातात, दोन्ही इतक्या लांब की मनात आलं म्हणून वीकेंडला घरी येता येणार नाही, आणि सीट कन्फर्म करायची तारीख अगदी तोंडावर. बाबांनी क्यूएसच्या, म्हणजे जगभरातल्या युनिव्हर्सिटींच्या रँकिंगच्या, यादीत एका नावाभोवती गोल केला होता, म्हणाले, "मॅडम, एवढा फरक आहे, मग विचार कसला करायचा?"

मी त्यांना सांगितलं की क्यूएसने २०२४ च्या यादीपासून ३० टक्के वजन प्राध्यापक-संशोधकांच्या सर्व्हेला आणि २० टक्के साइटेशन्सना, म्हणजे तिथल्या रिसर्चचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला त्याला, दिलंय, आणि २००३ ला सुरू झालेली शांघायची यादी तर नोबेल आणि फील्ड्स मेडल (गणितातला मोठा पुरस्कार) मोजते. यात खोटं काही नाही, रिसर्च करणाऱ्याला ते कामाचंच आहे, पण अठरा वर्षांचं पोरगं पहिल्याच सेमिस्टरला आजारी पडलं, दोन पेपर गेले, तर पुढे काय, हे त्या यादीत कुठेच नसतं. आणि घर लांब असलं की तेच आधी बघायला लागतं.

मग दोन्ही लेटर शेजारीशेजारी ठेवून वाचायला घेतली, मोठ्याने, ओळ न ओळ. वरच्या रँकवालीची स्कॉलरशिप मोठी होती, तिघांनाही आकडा पाठ होता, पण तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं की सीजीपीए ३.५ च्या खाली गेला की स्कॉलरशिप बंद, परत मिळणार नाही. दुसरीची रक्कम कमी, पण अट ३.० ची आणि घसरला तर सावरायला एक सेमिस्टर. आईंनी ते पान स्वतःकडे ओढून पुन्हा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे दुसऱ्या वर्षी पूर्ण फी आपल्यावर येऊ शकते?" येऊ शकते, हो.

मुलगा तोपर्यंत गप्पच होता. मी त्याला विचारलं, "फिजिक्स नक्की ना रे तुझं?" तर खाली बघत म्हणाला, "नाही मॅडम, कॉम्प्युटर सायन्सपण आवडतं, पण फॉर्मवर काहीतरी एक लिहायचं होतं." बाबांना हे नवीन होतं, चेहऱ्यावर दिसलंच ते. आणि मला वाटतं तिथेच खरा प्रश्न सापडला, कारण पहिलीकडे ब्रँच बदलणं रिकाम्या सीट आणि मार्कांवर अवलंबून, तर दुसरीकडे मेजर, म्हणजे मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा.

मी त्याला म्हटलं, मेल तूच लिही, बाबा नाही, तिकडे सगळं तुलाच विचारावं लागणार आहे. त्याने माझ्यासमोर बसून दोन्हीकडे तेच प्रश्न पाठवले: हॉस्टेल पहिल्या वर्षानंतरही मिळतं का, मोठ्या सुट्टीत बंद असतं का, पेपर चुकला तर परत कधी, काउन्सिलरची अपॉइंटमेंट किती दिवसांत मिळते. पहिलीकडून ब्रोशरची लिंक आली. दुसरीकडून ॲडमिशन ऑफिसमधल्या बाईंनी प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर लिहिलं आणि सेकंड इयरच्या एका स्टुडंटशी व्हिडिओ कॉल जोडून दिला. ब्रोशर पाठवलं म्हणून युनिव्हर्सिटी वाईट ठरत नाही, हे मी त्यालाही सांगितलं. पण तो कॉल त्याने एकट्याने केला, बराच वेळ बोलत होता, आणि कॉल संपल्यावर बाहेर येऊन त्याने आईला थेट नावच सांगितलं.

दुसरी. बाबांना पटायला अजून एक रात्र लागली, त्यांचंही चूक नाही, इतक्या वर्षांची स्वप्नं आणि पैसे त्यांचे आहेत. सकाळी त्यांचा फोन आला की डिपॉझिट भरलं. मी म्हटलं, आता पहिलीकडची सीट आजच सोडायला सांगा त्याला, वेटलिस्टवर कोणीतरी डोळे लावून बसलेलं असेल. म्हणाले, "ते त्याने रात्रीच केलं, मॅडम."