आमची वाटचाल: स्प्रिंगपासून हृदयाच्या झडपेपर्यंत

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये पहिली काही वर्षं फक्त स्प्रिंगा दमवल्या. चाकणच्या कारखान्यांना भाग पुरवणारे व्हेंडर आमच्याकडून फटीग टेस्टिंगची जिग, म्हणजे भाग पुन्हा पुन्हा दाबून तो कधी दमतो-तुटतो ते बघणारी यंत्रं, करून घ्यायचे. कामाला तोटा नव्हता, पैसे मात्र सवडीने यायचे. मग ओळखीतून झडपा बनवणाऱ्या एका कंपनीचा इंजिनिअर आला. त्याला स्प्रिंगऐवजी मऊ, ओली वस्तू दमवणारं मशीन हवं होतं. ‘करून बघू’ म्हणालो. भोसरीत नाही कोण म्हणतं?

ती वस्तू म्हणजे हृदयाची जैविक झडप. जनावराच्या हृदयावरचं आवरण, म्हणजे पेरिकार्डियम, ग्लुटराल्डिहाइड या रसायनात पक्कं करतात आणि त्याच्या तीन पाकळ्या चौकटीवर शिवतात. पाकळी अर्धा मिलिमीटरही जाड नसते. मिनिटाला 72 ठोके धरले, तर ती वर्षाला पावणेचार कोटींहून जास्त वेळा उघडते नि मिटते. महाधमनीच्या जागी मिटलेल्या झडपेवर पाऱ्याच्या 100 मिलिमीटरच्या आसपास दाब असतो. 23 मिलिमीटर व्यासाच्या झडपेवर हा भार अर्ध्या किलोच्या वर जातो. तो पाकळ्यांमधून चौकटीच्या खांबांकडे ओढला जातो, आणि दोन पाकळ्या भेटतात त्या कोपऱ्यांत ताण साचतो. फाटण्याची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच. उघडताना दुखणं वेगळं: पाकळी त्याच त्या रेषेवर वाकत राहते. ठेवणीतली रेशमी साडी घडीवर विरते, म्हणून घरी अधूनमधून घडी मोडून वेगळी घालतात. पाकळीला ती सोय नाही.

आयएसओ 5840 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा झडपेने मशीनवर 20 कोटी आवर्तनं, म्हणजे उघडझापी, काढायची असतात. धातू-कार्बनच्या कडक झडपेला 40 कोटी. हृदयाच्याच गतीने चालवलं तर 20 कोटींना पाच वर्षं लागतील. सेकंदाला 15 आवर्तनं घेतली की पाचेक महिन्यांत काम होतं. इथेच प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, ‘30 वर चालवा ना?’ मोटर आमची चालेल हो! पण एवढ्या वेगात पाकळी पुरती उघडायच्या आत मिटू लागते, किंवा मिटताना दाबाचा असा फटका बसतो की जो शरीरात कधी बसणारच नाही. आकडा भरतो, परीक्षा होत नाही. म्हणून आमच्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त मेहनत मोटरवर नाही, तर प्रत्येक ठोक्याला दाबाचा आलेख नीट ठेवण्यावर गेली आहे. भात्यासारखे आकसणारे-फुलणारे बेलोज, प्रवाहाला अडवणारे छोटे नॉब, झडपेच्या मागेपुढे प्रेशर सेन्सर. वेगावरून काही ऑर्डरी गेल्या. जाऊ देत.

पाच महिने अखंड चालणाऱ्या मशीनला पुण्यातला गुरुवार आडवा येतो. देखभालीसाठी वीज बंद! स्प्रिंगच्या दिवसांत आम्हीही गुरुवारी सुट्टी घ्यायचो. आता जनरेटर आणि यूपीएस हाच निम्मा धंदा झालाय. दसऱ्याला बाकीची यंत्रं बंद करून पूजा होते, या मशीनला हार घालतात ते चालू असतानाच, आणि जरा लांबूनच.

एक गोष्ट मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. मशीनमध्ये सलाइन असतं, रक्त नाही. प्रत्यक्षात अशा झडपा खराब होण्याचं मोठं कारण म्हणजे पाकळीत साचणारं कॅल्शियम. ते तरुण रुग्णांत लवकर साचतं, आणि आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप गेलेले कितीतरी रुग्ण तरुणच असतात. त्यामुळे 20 कोटी पूर्ण झाले म्हणून ‘पाच वर्षांची गॅरंटी’ असं कुणी छापू नये. आमचं मशीन फक्त यांत्रिक दमणूक सांगतं. तेवढं मात्र ते खरं सांगतं.

सध्याचं काम कॅथेटरने बसवायच्या झडपांचं आहे. तिथे छाती उघडत नाहीत. झडप चेपून मांडीच्या धमनीतून नेतात आणि जुन्या, चुना धरलेल्या झडपेतच फुलवतात. ती जागा क्वचितच गोल असते. चौकट लंबगोल बसली की तिन्ही पाकळ्यांवर भार सारखा येत नाही. म्हणून मशीनमध्ये झडप ज्यात बसवतो त्या गोल रिंगांसोबत आम्ही आता लंबगोल सिलिकॉन रिंगाही बनवतो. साचा शेजारच्या गल्लीतला डायमेकर करून देतो. पूर्वी तो दुचाकीच्या रबरी बुशांचे साचे करायचा, अजूनही करतो.