लातूरहून आंबा घाटात, सोनघंटेच्या भेटीला

मराठवाड्यात रस्त्याच्या कडेला आणि पडक्या भिंतींच्या आडोशाला उगवणारी पेटारी बहुतेकांच्या ओळखीची असते. तिचे चक्राकार फळ शाईत बुडवून आम्ही लहानपणी वह्यांवर शिक्के उमटवत असू. मुद्रा हे तिचे दुसरे नाव त्यावरूनच पडले आहे. याच पेटारीची एक सख्खी बहीण सह्याद्रीच्या मोजक्या कड्याकपारींखेरीज जगात इतरत्र निसर्गतः उगवत नाही, हे कळल्यापासून तिला पाहण्याची ओढ लागली होती. तिचे नाव सोनघंटा. 1894 मध्ये वुड्रो आणि श्टाप्फ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि वनस्पतिसंग्राहक ना. भ. रानडे यांच्या सन्मानार्थ तिला ‘अब्युटिलॉन रानडेई’ हे नाव दिले.

जानेवारीत आम्ही चौघे लातूरहून कोल्हापूरच्या रेल्वेने निघालो. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरसाठी पाण्याची गाडी आली, ती याच मार्गाने. त्यामुळे मिरज स्थानक आले की लातूरकराचे मन आजही भरून येते. लातूरहून कोल्हापूरला जाणारी रेल्वे रोज नसते, म्हणून परतीचे आरक्षण आधीच करून ठेवावे. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या एसटीने मलकापूरमार्गे आंबा गावात उतरता येते.

पहिला दिवस आमच्या चुकीमुळे वाया गेला. वाटाड्या न घेता आम्ही भर दुपारी निघालो, चुकीच्या धारेवर चढलो आणि उन्हाने थकून परतलो. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका मामांना सोबत घेतले. ‘‘पाहा, फोटो काढा, पण फांदीला हात लावायचा नाही,’’ हे त्यांनी निघण्यापूर्वीच बजावले आणि ते आम्हाला मनापासून पटले.

सकाळी नऊच्या सुमारास, वाळलेल्या गवताच्या उतारावर, डोक्याहून उंच असे ते झुडूप दिसले. पाने पेटारीसारखीच हृदयाकृती आणि मखमली होती. फुले मात्र खाली मान घालून लोंबत होती. घंटेचे अंतरंग पाहण्यासाठी मी चक्क जमिनीवर पाठ टेकली. पिवळ्या-केशरी पाकळ्यांवर तांबड्या शिरांची जाळी होती, मधोमध पुंकेसरांचा दांडा उतरला होता, आणि मागून ऊन आल्यामुळे प्रत्येक शीर स्वतंत्रपणे उजळली होती. पाऊण तास आमच्यापैकी कोणीही फारसे बोलले नाही.

फुलांचा काळ साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी असल्याने याच दिवसांत जावे. दुर्दैवाने डोंगरउतारांवर वणवे लागण्याचा काळही तेव्हाच सुरू होतो; म्हणून विडी-सिगारेट, चूल किंवा शेकोटी यांपैकी काहीही वर नेऊ नये किंवा पेटवू नये. जंगलात शिरण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी. या भागात गवे आहेत, तेव्हा पहाटेच्या अंधारात किंवा तिन्हीसांजेला पायवाटेवर राहू नये. पूर्ण बाह्यांचे कपडे, चांगली पकड असलेले बूट आणि माणशी किमान 3 लिटर पाणी सोबत असावे. आपल्याकडच्या उन्हाची सवय असलेल्यांनीही यात काटकसर करू नये.

झुडपाची नेमकी जागा मी येथे मुद्दाम देत नाही. छायाचित्र कुठेही टाकण्यापूर्वी मोबाइलमधील स्थळाची नोंद बंद करावी, ही कळकळीची विनंती आहे. बी किंवा फांदी आणून घरच्या कुंडीत लावण्याचा मोह होतो, आमच्यातील एकालाही झाला; परंतु जिथे झाडेच मोजकी आहेत, तिथे एका शेंड्याचे नुकसानही मोठे असते. वेळ उरल्यास पावनखिंड पाहता येते. आम्ही मात्र सोनघंटेपाशीच रमलो.

परतल्यावर लातूरच्या स्थानकाबाहेर, कुंपणालगत पेटारी दिसली. तिची फुले दिवस कलल्यावर उमलतात आणि तेव्हा सकाळ होती, म्हणून मी संध्याकाळी पुन्हा तिथे गेलो.