टाचणीच्या डागांनी जुळवलेली पत्रं

आत्या गेल्यावर तिच्या कपाटात पत्र्याचा एक डबा सापडला. आत पणजोबांनी पणजीला आणि पणजीने त्यांना लिहिलेली शे-सव्वाशे पत्रं, विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतली. चार-पाच पत्रं एकत्र घेऊन टाचणी मारलेली, असे बरेच गठ्ठे होते. मी दोन रात्री बसून टाचण्या काढल्या, पाकिटं वेगळी केली, पत्रं तारखेप्रमाणे लावली आणि फाटलेल्या तीन पत्रांना चिकटपट्टी लावली. मग ती घेऊन ग्रंथालयाच्या अभिलेखागारात, म्हणजे जुने कागद जपण्याच्या विभागात, गेलो.

तिथल्या अभिलेखपाल बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "डब्यात कोणत्या क्रमाने होती?" मला सांगता येईना. त्या म्हणाल्या, "ज्यांनी जपली त्यांनी कोणतं पत्र कशासोबत ठेवलं, हेही वाचण्यासारखं असतं." तो क्रम मी मोडला होता. मला फार वाईट वाटलं.

वाट त्यांनीच दाखवली. गंजलेल्या टाचणीने प्रत्येक कागदावर तांबूस डाग सोडला होता. एकत्र असलेल्या पत्रांवर तो त्याच जागी, त्याच तिरकेपणाने असतो. दोन दुपारी आम्ही डागावर डाग जुळवत बसलो. तेव्हा तीन वेगवेगळ्या वर्षांतली तीन पत्रं एका गठ्ठ्यात आली. तिन्हींत त्यांच्या धाकट्या मुलीच्या आजारपणाचा मजकूर होता. पणजीने ती निवडून एकत्र टाचली होती. तारखेच्या रांगेत हे कुणालाच दिसलं नसतं.

पाकिटं मी फेकली नव्हती, हे नशीब. तारीख नसलेल्या कित्येक पत्रांचा काळ टपालाच्या शिक्क्यांवरूनच लागला.

काही कागद अजून मऊ होते, काही घडीवर तपकिरी पडून तुटायला आलेले. लाकडाच्या लगद्याच्या कागदात, तुरटी आणि राळेच्या खळीमुळे, आम्ल तयार होत राहतं आणि कागद आतून ठिसूळ होतो. म्हणून पत्रं आम्लरहित फोल्डरमध्ये गेली. लॅमिनेशनचा विषय मी काढला, तर बाईंनी तिथेच थांबवलं: एकदा केलं की पत्र परत सुटं करणं फार अवघड. माझ्या चिकटपट्ट्या संवर्धकांनी हळूहळू सोडवल्या. गोंदाचा पिवळा डाग मात्र राहिला.

एका पत्रावरचा डाग मी ओल्या कापसाने टिपणार होतो. बाईंनी माझा हात धरला. ते कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेलं होतं. कोरडं असताना करडं दिसतं, पाणी लागलं की जांभळं होऊन पसरतं. घड्या उलगडायला इतर पत्रं दमट हवेच्या बंद पेटीत ठेवली, पण हे त्यातून वगळलं. हातमोजे मात्र घालायला लावले नाहीत. मोज्यात बोटांना कागदाची कड कळत नाही. हात धुऊन कोरडे करायचे, आणि खोलीत लिहायला फक्त शिसपेन्सिल.

दानपत्राला सगळ्यात जास्त वेळ गेला. कागदाची मालकी ग्रंथालयाला देता येते, मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. त्यामुळे सगळ्या चुलतभावंडांच्या सह्या घेतल्या. आजारपणाची पत्रं परक्यांनी वाचावीत हे काकांना पटत नव्हतं. दहा वर्षं ती वाचकांना न देण्याची अट दानपत्रात घालता आली, तेव्हा त्यांनी सही केली.

स्कॅन ४०० डीपीआयवर (दर इंचाला ४०० ठिपके), टिफ या फाइल-स्वरूपात झाले. कोऱ्या पाठी आणि पाकिटंसुद्धा. मूळ पत्रं आता थंड, कोरड्या खोलीत आहेत. तापमान १८ अंशांच्या आसपास, आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांमध्ये.

गेल्या महिन्यात सूची हातात आली. त्या तीन पत्रांच्या नोंदीपुढे तारखांनंतर दोन शब्द आहेत: "एकत्र टाचलेली".